कबरींवर नावं लिहिणारे काका

मेलेल्या माणसाचं नाव लिहिण्याआधी काका घरच्यांना एकच प्रश्न विचारायचे. "कशावरनं भांडायचा?"

लोक गोंधळायचे. त्यांना वाटायचं, काका जन्मतारीख विचारतील, नाहीतर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, कोणतं वचन घालायचं ते तरी. नवऱ्याला पुरून महिना झालेली बाई म्हणायची, "नाही हो, फार शांत होते ते." काका ब्रश डब्यावर आडवा ठेवायचे आणि वाट बघायचे. "चांगलं काय ते पाळकसाहेब बोलल्यात की. मला भांडण सांगा." मग ती बाई जरा वेळानं सांगायची, की आंघोळीचं पाणी कोमट निघालं की घर डोक्यावर घ्यायचे, की कॅरममध्ये हरले की सोंगट्या उधळायचे. सांगता सांगता तिला हसू यायचं आणि हसता हसता ती रडायला लागायची. काका तोवर कामाला लागलेले असायचे. ऐकलेल्या भांडणातलं अक्षरही ते दगडावर घालायचे नाहीत. नाव आणि दोन तारखा, एवढंच लिहायचे. पण भांडण कळल्याशिवाय हात चालत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्हा ख्रिश्चनांत ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना होते. अंधार असतानाच माणसं येतात, प्रत्येक घर आपापल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्ती लावून उभं राहतं, आणि उजाडता उजाडता चर्चचे पाळकसाहेब प्रभू मेलेल्यांतून उठला असल्याचं तीनदा मोठ्यानं सांगतात, दर वेळी सगळ्यांनी उत्तर द्यायचं. त्याच्या आधीचा आठवडा सगळा साफसफाईचा. गवत काढायचं, चुना मारायचा, उन्हापावसात पुसट झालेली नावं पुन्हा रंगवायची. हे शेवटचं काम काकांकडे होतं. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, आणि थांबवण्याची कुणाची हिंमतही नव्हती.

एरवी ते बोर्ड रंगवणारे पेंटर. एके काळी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या निम्म्या दुकानांवर त्यांचं अक्षर होतं असं ते सांगायचे. मी पाहिलं तोवर फ्लेक्स येऊन खूप वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातचे दोन-तीनच बोर्ड उरले होते. त्यातल्या एकाखाली उभं राहून ते मान वर करून बघत राहायचे, मागून रिक्षावाले हॉर्न मारायचे. फ्लेक्सबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "त्या अक्षराला कुणाचा हातच लागलेला न्हाई. ते वाचाय येतं, पर ते कुणी लिवलेलं नसतंय."

गेल्या पावसाळ्यात काका वारले. त्यांच्या पुतण्यानं काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवला आहे. अक्षरं मशीननं कोरलेली आहेत, अगदी सरळ. मी तो दगड फार वेळ बघू शकले नाही.

मी लहानपणापासून त्यांना रविवारी बघत आले. कोट, टाय, आणि बुटांवर पिवळ्या-निळ्या रंगाचे ठिपके. बसायची जागा शेवटचा बाक. येताजाता सगळ्यांना आमच्या रीतीप्रमाणे "सलाम" करायचे, आम्हा पोरांनासुद्धा, कपाळाला हात लावून, पूर्ण. मी इंग्रजी शाळेतली. मराठी गीतांच्या पुस्तकात माझं बोट एक ओळ मागे असायचं. ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मी त्यांच्या पुढच्याच बाकावर असले की ते मुद्दाम सावकाश गायचे आणि माझ्यापायी बाकीचे पुढे निघून जायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उपासनेत एक वेळ अशी असते की ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करावी. इतर लोक पुस्तकी भाषेत करायचे, दयाळू पित्या वगैरे. काका उभे राहायचे आणि म्हणायचे, "प्रभू, त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईच्या पोराचं काम मागच्या रविवारी सांगितलतं. अजून काय हललेलं दिसत न्हाई. आता लई झालं. आमेन." पुढच्या बाकांवर खांदे हलायचे. आमचे पाळकसाहेब तरुण होते, एकदा दाराशी त्यांनी काकांना हळूच म्हटलं, "काका, देवासमोर जरा नम्रपणे—"

"नम्रपणं मागून बघितलं की साहेब," काका म्हणाले. "तेव्हा बी उशिराच करतोय त्यो."

मला शाळेत ज्या प्रार्थना शिकवल्या होत्या त्यांत आवाज खाली असायचा आणि शेवटी आभार असायचे. मला काका आवडायचे, पण त्यांच्या शेजारी उभं राहायला नको वाटायचं. ते कधी काय बोलतील याचा भरवसा नव्हता.

भिंतीकडेला कडुलिंबाखाली त्यांच्या मुलीची कबर आहे. अगदी लहान. नाव, जन्माची तारीख, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे काही नाही. दर वर्षी काका नाव रंगवायचे, तारीख रंगवायचे, रेघही रंगवायचे, आणि पुढची जागा कोरी सोडायचे. चर्चच्या पंचांपैकी कुणीतरी एकदा म्हणालं होतं, की रजिस्टरात तारीख आहे, ती घाला, अर्धवट दिसतं. काका म्हणाले होते, "ज्यानं नेली त्यानं येऊन लिवावी." तेव्हापासून मंडळीत सगळे म्हणायचे, पेंटर देवावर रुसलाय.

मम्मी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, मे महिन्यात.

पप्पा तापानं आतल्या खोलीत होते, मी बाहेर. मम्मी हॉस्पिटलमध्ये. सकाळी एका माणसाचा फोन आला. त्यानं माझं नाव विचारलं, मग नातं विचारलं, मग सांगितलं. मी "हो" म्हटलं, जणू तो पार्सल आल्याचं कळवत होता. मग तो म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन ना मॅडम? दफन करायचं तर खड्डा खोल घ्यायला लागतो, माणसं नाहीत, आज होईल का सांगता येत नाही. ठेवायला जागा पण नाही. बाकीच्यांबरोबर दहन करून घेतो. चालेल ना?"

त्याचा आवाज वाईट नव्हता. दमलेला होता. मागे गाडीचं इंजिन चालू होतं. मला कुणाला अडवून धरायची सवय नाही. रिक्षावाल्यानं चुकीच्या कोपऱ्यावर सोडलं तर मी उतरते आणि चालायला लागते. मी म्हटलं, "चालेल."

अस्थी आणायला कुणी गेलं नाही. जाण्यासारखं घरात कुणी नव्हतं. पप्पा उठून बसायला लागले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की हॉस्पिटलवाल्यांनी परस्परच दहन केलं, आपल्याला विचारलंही नाही. पप्पांनी मान हलवली. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि मला बरं वाटलं. नंतर तीन वर्षं मला त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

बंदी उठल्यावर लोक भेटायला यायला लागले. एक दिवस चर्चमधले चौघे आले होते, काका त्यांत होते. एका गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवून म्हटलं, "शेवटी देवाची इच्छा."

"तुमास्नी कसं कळलं?" काकांनी विचारलं. "फोन आलता व्हय त्याचा?"

दोघं हसले. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. थोड्या वेळानं मागे पाहिलं तर काका दारात होते. रिकामा कप आणून द्यायच्या निमित्तानं आले होते. माझ्याकडे बघितलं, कप ओट्यावर ठेवला, आणि परत बाहेर गेले.

पप्पांनी चर्चला जाणं सोडलं. भांडण नाही, घोषणा नाही. रविवारी सकाळी ते पेपर घेऊन बसायचे, आणि मी एकटी जायचे, मग मीही कमी जायला लागले. पहिल्या ईस्टरला मी विचारलं, कबरस्तानात जायचं का. पप्पा पेपरची घडी घालत म्हणाले, "कुठं उभं राहायचं आपण?" आमच्या आजीची कबर होती तिथं, पप्पांच्या आईची. पण त्यांचा प्रश्न मला कळला. दुसऱ्या वर्षी मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात मी गुरुवारी अर्धी रजा काढून गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. आजीच्या कबरीवर गवत वाढलंय असं कुणीतरी म्हणालं होतं. बादलीत चुना कालवत होते तेवढ्यात काका आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं कमी दिसत होतं, तिरके चालायचे.

"कोण? तू हाईस व्हय. पप्पा कुठं हाय?"

"घरी."

"मम्मी कशावरनं भांडायची गं?"

"मम्मीची कबर नाही, काका."

"ते ठाऊक हाय मला. कबर कुठं इचारली?"

मी चुना ढवळत राहिले. मग सांगितलं. कुकरच्या शिट्ट्यांवरून. आजीला मऊ भात लागायचा, चार शिट्ट्यांचा, आणि मम्मी तिसरीला गॅस बंद करायची. रोज. दोघी एकमेकींकडे न बघता भांडायच्या, कुकरकडे बघून. आजी म्हणायची, "दगड खायाला घालतीया मला." मम्मी म्हणायची, "मी आलो तवापासनं हेच ऐकतोय." मम्मी कोल्हापूरच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' बोलायची. शाळेच्या गेटवर मैत्रिणींसमोर ती तसं बोलली की मी तिच्यापासून दोन पावलं लांब उभी राहायचे.

काका हसत होते. "आन् आनखी कशावरनं?"

"तिला न विचारता कुणी काही केलं की," मी म्हटलं, आणि पुढचं बोलता येईना. काका थांबले. त्यांना थांबता यायचं. मग मी सगळं सांगितलं, फोन, इंजिनाचा आवाज, 'चालेल' हा शब्द. उन्हात उभं राहून, बादलीकडे बघत. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

काका बराच वेळ ब्रश फडक्याला पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"पप्पास्नी ठाऊक हाय?"

"नाही."

त्यांनी भिंतीकडे मान केली, कडुलिंबाकडे. "सहा वर्साची हुती. डॉक्टर म्हणाला, आजच्या आज मिरजेला न्या. मी कापडाच्या दुकानाचा बोर्ड कराय घेतलता, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. म्हटलं, उद्या सकाळी नेतो." त्यांनी फडकं झटकलं. "पहाटेच गेली. लोक म्हणत्यात पेंटर रुसलाय म्हणून तारीख लिवत न्हाई. म्हणू देत की. मला तारीखच ठरवाय येत न्हाई बघ. ती गेली ती लिवू, का मी उद्या म्हटलं ती?"

मी एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं, "देवानं माफ केलं का तुम्हाला?"

"केलं असं साहेब सांगत्यात. शास्त्रात बी तसंच हाय. मला अजून पटत न्हाई."

"मग चर्चला कशाला येता?"

"जाऊ कुठं? ज्याच्यासंगट भांडण हाय त्यो तितंच हाय की." ते जरा चिडलेच. "न्हाईतर भांडू कुणाशी, भिंतीशी?"

त्या दुपारी मला आशा वगैरे काही वाटली नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी मनाशी ठरवून आले नव्हते, पण सांगितल्यावर कुणीतरी म्हणेल की तुझी काही चूक नव्हती, एवढी अपेक्षा आत कुठंतरी होतीच. काकांनी ते म्हटलं नाही. त्यांच्याजवळ मला द्यायला काही नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःलाही काही मिळालं नव्हतं. फक्त ते दर रविवारी जात राहिले होते.

"आजीच्या दगडाखाली पायथ्याला जागा हाय," ते म्हणाले. "तितं लिवतो मम्मीचं नाव. सासूपाशी राहील, भांडत. पर आधी पप्पास्नी सांग. लपवून लिवाय मला जमत न्हाई."

"सांगितल्यावर ते माझ्याशी बोललेच नाहीत तर?"

"तर न्हाई बोलणार," काका म्हणाले, आणि पुढच्या कबरीकडे गेले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना असते. मी गेले, काही ऐकलं नाही, चारला घरी आले. पप्पांनी चहा टाकला होता. मी इंग्रजीत सुरुवात केली, कारण इंग्रजीत बोलताना मला माझं बोलणं कमी ऐकू येतं. दोन वाक्यं झाल्यावर थांबले आणि पहिल्यापासून मराठीत सांगितलं.

पप्पा चहावरची साय चमच्यानं कपाच्या कडेला लावत होते. ते थांबले नाहीत.

"आधी मला आला होता तो फोन," ते म्हणाले.

मी माझा कप बाजूला सरकवला.

"मला धाप लागत होती. पण तेवढी नव्हती. तो काय विचारणार ते माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, मुलीला विचारा. तुझा नंबर मी दिला त्याला." त्यांनी चमचा खाली ठेवला. "तू म्हणालीस त्यांनी विचारलंच नाही. म्हटलं, बरं झालं. विचारलंच नसेल."

तीन वर्षं आम्ही त्याच टेबलावर समोरासमोर जेवत होतो. मला वाटायचं, ते देवावर रागावले आहेत, म्हणून चर्चला येत नाहीत. पप्पा उठले, दोन्ही कप घेऊन बेसिनपाशी गेले. पाणी कितीतरी वेळ चालू होतं. आम्ही एकमेकांना जवळ घेतलं नाही. आमच्या घरात ते मम्मी करायची.

शनिवारी मी काकांना म्हटलं, "सांगितलं." पप्पा काय म्हणाले ते त्यांनी विचारलं नाही. खडू लावलेल्या सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, ताणून सोडली. दगडावर पांढरी रेघ उमटली. ते गुडघ्यांवर बसले, नाक दगडाला टेकेपर्यंत वाकले आणि लिहायला लागले. दिसत नव्हतं त्यांना. अर्ध्यावर मला कळलं की अक्षरं रेघेखाली उतरत चालली आहेत. मी काही बोलले नाही. पण या वेळचं न बोलणं वेगळं होतं, असं मला वाटलं.

नाव पूर्ण होतंय तेवढ्यात पंचांपैकी एक जण फेरी मारत आले. चष्मा वर करून त्यांनी वाचलं.

"पेंटर, हे चालणार नाही. आत कुणी नसताना नाव कसं घालता?"

"येशूच्या तरी कबरीत कोण हाय?" काका वर न बघता म्हणाले.

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? रिकामी निघाली म्हणूनच उद्या पहाटे सगळी जमणार हाईसा न्हवं हितं? का उगंच मेणबत्त्या लावाय?"

"रजिस्टरात काय लिहायचं मी?"

"पेंटर ऐकत न्हाई, असं लिवा."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. एरवी मी अशा वेळी सॉरी म्हणते. मी सुतळी गुंडाळत राहिले. ते मीटिंगमध्ये बघू म्हणत गेले.

पहाटे मी उठले तेव्हा पप्पा कपडे घालून खुर्चीत बसलेले होते. आम्ही चालत गेलो. अंधारात ओळखीची माणसं कपाळाला हात लावत होती, पप्पा नुसती मान हलवत होते. आजीच्या कबरीपाशी त्यांनी मेणबत्ती लावली आणि खाली वाकून, उजेड जवळ नेऊन, ते उतरत गेलेलं नाव वाचलं. नंतर सरळ उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

आकाश फिकं व्हायला लागल्यावर पाळकसाहेबांनी पहिल्यांदा म्हटलं, "प्रभू उठला आहे." चारी बाजूंनी उत्तर आलं, "खरोखर उठला आहे." मी ओठ हलवले. पप्पांचे मिटलेले होते. दुसऱ्या वेळीही, तिसऱ्या वेळीही. मग पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं.

"थांबा की साहेब," कडुलिंबाखालून काकांचा आवाज आला. आपल्या लेकीच्या कबरीपाशी ते कोट-टाय घालून उभे होते, तोंड आमच्याकडे. एवढ्या लांबून, त्या डोळ्यांनी त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. "हितं एकाचं राहिलंय अजून."

सगळं कबरस्तान थांबलं. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी पुस्तकात बोट ठेवून वर पाहिलं, आणि माणसं एकेक करून आमच्याकडे वळायला लागली. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पप्पांचा हात माझ्या दंडाला लागला, धरला नाही, नुसता लागला. त्यांनी घसा साफ केला.

"खरोखर उठला आहे," पप्पा म्हणाले. शेवटाला त्यांचा आवाज वर गेला, माणूस प्रश्न विचारताना जातो तसा. ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळानं पाळकसाहेबांनी तेवढ्यावरच गीत सुरू केलं.